कोकणकड्यावर एक रात्र: पन्नाशीनंतरच्या, गुडघेवाल्या माणसांसाठी

कोकणकडा ज्या गडावर आहे त्या हरिश्चंद्रगडाबद्दल इंटरनेटवर ढीगभर लिहिलेलं सापडतं, पण ते बहुतेक पंचविशीतल्या मुलामुलींनी लिहिलेलं असतं. 'पाचनईची वाट एकदम सोपी, दोन तासांत वर' एवढं एका ओळीत उरकायचं आणि पुढे सूर्यास्ताचे फोटो. माझं वय चोपन्न, उजवा गुडघा कुरकुरणारा, आणि उघड्यावर झोपण्याचा अनुभव म्हणजे लहानपणी मामाच्या गच्चीवर. मला पडलेल्या प्रश्नांची उत्तरं त्या लिखाणात कुठेच नव्हती. रात्री संडासला कुठे जायचं? तंबूत खालून किती गार लागतं? उतरताना गुडघ्याचं काय होतं? म्हणून जाऊन आल्यावर हे सविस्तर लिहिते आहे.

टूम काढली भाचीने, नणंदेच्या मुलीने. ती दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या गडावर असते. गणपतीत घरी आली तेव्हा म्हणाली, "मामी, या डिसेंबरात कोकणकडा. मामा येणार नाही हे मला माहितीये, तू ये." मामांनी पेपरातून डोकं वर न काढता "जा की" म्हटलं आणि मला नाही म्हणायला कारणच उरलं नाही.

आधी आम्ही एका ट्रेकिंग ग्रुपबरोबर जायचं ठरवलं. त्यांचा गूगल फॉर्म भरला: रक्तगट, अडीअडचणीला कुणाला फोन करायचा, आधीचे आजार, आणि शेवटी 'माझ्या जिवाची जबाबदारी माझी' अशा अर्थाचं मोठं हमीपत्र. पन्नाशीच्या वरच्यांना डॉक्टरांचं पत्र बंधनकारक होतं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी बीपी बघितलं, ईसीजी काढायला लावला आणि गुडघा दाबून बघत विचारलं, "चढताना दुखतो की उतरताना?" उतरताना, म्हटलं. मग त्यांनी मांडीच्या स्नायूंचे दोन व्यायाम दिले, काठी घ्यायला सांगितलं आणि पत्र लिहून दिलं. तपासणी, ईसीजी धरून आठशे रुपये झाले. ग्रुपने पुढे तारीखच बदलली, आम्हाला ती जमेना, आणि भरलेले पैसे कापून परत यायला तीन आठवडे आणि बरेच फोन लागले. पैसे भरण्याआधी परताव्याचा नियम वाचून घ्या, आणि तारीख त्यांनी बदलली तर काय हे मेसेजवर लिहून मागा. पण डॉक्टरांकडे गेले ते बरंच झालं. ग्रुपबरोबर जा नाहीतर एकटे, पन्नाशीनंतर ती तपासणी करूनच घ्या.

मग स्वतःचे स्वतः जायचं ठरलं. मी, भाची आणि तिच्या ऑफिसातली दोन मुलं.

वाट कुठली घ्यायची यावर जरा खल झाला. गडावर जायच्या वाटा बऱ्याच. माळशेज घाटाच्या बाजूने, खुबी फाट्याला उतरून खिरेश्वर आणि तोलार खिंडीतून येणारी वाट देखणी आहे, पण लांब, आणि मध्ये कातळावर रेलिंग धरून चढायचा टप्पा आहे. नळीची वाट कोकणातल्या बेलपाड्यातून थेट कड्याशेजारून वर येते, ती सरावलेल्यांची. राहिली पाचनई, अकोले तालुक्यातली. गाडी गावापर्यंत जाते आणि निम्मी उंची गाडीच चढते. मी डोळे मिटून पाचनईवर बोट ठेवलं.

तारखेवरून मात्र भाचीशी वाद झाला. तिला अमावास्येच्या आसपास जायचं होतं, तारे बघायला. मला पौर्णिमा हवी होती, पाय कुठे पडतोय ते बघायला. शेवटी शनिवार, १४ डिसेंबर २०२४ ठरला. त्या दिवशी दत्तजयंती होती आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पौर्णिमा पूर्ण होत होती. नवख्या माणसाने चांदण्या रात्रीच जावं, या मताशी मी अजूनही ठाम आहे. भाचीला बघायच्या होत्या त्या मिथुन राशीतल्या उल्का चांदण्यात धुऊन निघाल्या, त्याला माझा इलाज नाही.

नोव्हेंबरभर आमच्या इमारतीचे पाच मजले संध्याकाळी चढून उतरत होते, शेवटच्या पंधरवड्यात पाठीवर पिशवी घेऊन. शेजारच्या काकूंना वाटलं लिफ्ट बंद आहे.

राहण्याची सोय पाचनईच्या एका भाऊंकडे फोनवर झाली. गावातली बरीच कुटुंबं गडावर झोपड्या उभारून जेवण देतात, तंबू भाड्याने देतात. माणशी साडेसातशे ठरले: तंबू, स्लीपिंग बॅग, रात्रीचं जेवण, सकाळचे पोहे-चहा. पाचशे रुपये आगाऊ पाठवले. फोनवर दोन गोष्टी विचारून घ्याव्यात असं सांगेन. एक, तंबू गडावरच्या देवळाजवळ लावणार की कड्याकडे. दोन, बायकांसाठी आडोसा आहे का. भाऊ स्वच्छ म्हणाले, "मावशी, तंबू कड्यापासून मागं लावतो, वाऱ्याच्या आडोशाला. कडंला कुणी मागितला तरी देत नाही."

सामान थोडक्यात सांगते. माकडटोपी, दोन जोड लोकरी मोजे, अंगालगत घालायचं गरम बनियन, डोक्याला बांधायची बॅटरी, काठी, दोन लिटर पाणी, गुडघ्याचा पट्टा, जुनी वर्तमानपत्रं. वर्तमानपत्रांवरून मुलं हसली. रात्री दोघांनी मागून नेली.

शनिवारी पहाटेची कसारा लोकल डोंबिवलीहून पकडली. कसारा स्टेशनबाहेर नाशिककडे जाणाऱ्या शेअर गाड्या उभ्याच असतात, त्यातल्या एकीने घोटीला. घोटीच्या स्टँडवर चहा आणि राजूरची एसटी. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. कंडक्टरने न विचारताच भाचीचं आणि माझं अर्धं फाडलं, मुलांनी पूर्ण भरलं. गाडी बारी गावावरून जाते, तिथे कळसूबाईला जाणारे चढउतार करतात आणि बाकीचे शिखर बघायला खिडक्यांतून मान वाकवतात. राजूर ही त्या भागातली बाजारपेठ. पैसे काढायचे असतील, औषध घ्यायचं असेल, तर ते इथेच. पुढे मोबाइलची रेंज येते-जाते, तेव्हा रोख रक्कम जवळ असू द्या, तीही सुटी. राजूरहून पाचनईला ठरावीक एसटीची वेळ गाठणं जमलं नाही तर जीप करावी लागते. आम्ही जीप केली, सोडायचे बाराशे, आणि रविवारी न्यायला यायचं त्याच ड्रायव्हरला सांगून ठेवलं.

गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९८६ सालापासून हे अभयारण्य आहे, म्हणजे आपण नुसते डोंगरावर जात नाही, वन्यजीवांच्या हद्दीत शिरतो. त्यामुळे पाचनईत प्रवेशशुल्क भरून नोंद करावी लागते. नाव, गाव, मोबाइल, किती माणसं, मुक्काम आहे का. शुल्क किरकोळ आहे. पावती टाकून देऊ नका. दारू, स्पीकर, उघड्यावर शेकोटी चालणार नाही हे तिथेच सांगितलं गेलं. आमच्या मागे उभ्या असलेल्या मुलांच्या बॅगेतून स्पीकर डोकावत होता, तो हळूच आत ढकलला गेला.

अकराला चढायला लागलो. सुरुवातीचा अर्धा तास मला सगळ्यात जड गेला, कारण अंग तापलेलं नसतं आणि चढ लगेच लागतो. मुलांना पुढे पाठवलं, भाचीला बरोबर ठेवलं. "मामी, बोलता येतंय ना? मग वेग बरोबर आहे," हे तिचं गणित. बोलता येईनासं झालं की थांबायचं. या एका नियमावर मी गड चढले. नंतर वाट एका भल्यामोठ्या कातळभिंतीच्या पोटातून आडवी जाते. डोक्यावर पुढे आलेला खडक, एका अंगाला दरी, पण वाट ऐसपैस. हा पट्टा सावलीचा आणि जवळजवळ सपाट. इथे खडकाचे थर इतके स्पष्ट दिसतात की बोटाने मोजावेत. सह्याद्रीचा हा काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेला लाव्हा. पुस्तकात वाचलेलं होतं. त्याला पाठ टेकून संत्रं सोलताना ते पटलं. पुढे मंगळगंगा नदीचा प्रवाह आडवा येतो. डिसेंबरात धार बारीक होती, दगडांवरून कोरड्या पायाने पार झालो. दोन वाजून गेले होते तेव्हा देवळाचं शिखर दिसलं. वाटेत लिंबूसरबताच्या दोन-तीन टपऱ्या लागल्या, प्रत्येक ठिकाणी मी बसले.

हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ मला फोटोंतून कळलंच नव्हतं. ते खोलगटात आहे, त्यामुळे जवळ जाईपर्यंत त्याची उंची लक्षात येत नाही. कोरीव शिखर, आजूबाजूला गुहा, आणि चांगदेवांनी इथे तप केलं ही परंपरा. पूर्वेला पुष्करणी, तिच्या काठाला ओळीने देवळ्या. तिथून थोडं खाली केदारेश्वराची गुहा. आत मोठं शिवलिंग, भोवती पाणी, चार खांबांपैकी एकच शाबूत. हा चौथा पडला की जगबुडी, असं म्हणतात. भाचीची मित्रमंडळी पाण्यात उतरून प्रदक्षिणा घालून आली आणि ओठ निळे करून बसली. मी पायरीवर उभी राहून तळवे बुडवले, एवढ्यानेच दात वाजले. मुक्काम करणार असाल तर हिवाळ्यात या पाण्यात दुपारी तीननंतर उतरू नका. कपडे वाळत नाहीत आणि रात्र पुढे असते.

कोकणकडा देवळापासून पश्चिमेला, सावकाश चालत अर्धा तास. वाट कारवीच्या झुडपांतून आणि उघड्या कातळावरून जाते. कड्याचं वेगळेपण त्याच्या उंचीत नाही, आकारात आहे. तो नुसता सरळ तुटलेला नाही, आत वळलेला आहे. मोठी कढई मधोमध कापून उभी केली तर तिचा आतला भाग जसा दिसेल तसा. त्यामुळे काठावर तुम्ही असता तेव्हा तुमच्या पायाखाली खडक फक्त वरच्या भागात असतो, खाली पोकळी. हे कळल्यावर काठाशी उभं राहायची हिंमतच होत नाही, आणि होऊही नये. बघायचं ते पालथं पडून. भाऊंनी जागा दाखवली, मी बरीच मागे आडवी झाले, कोपरांवर सरकत पुढे गेले, आणि भाचीने दोन्ही घोटे धरले.

पहिल्यांदा जाणवला वारा. समोरून नाही, खालून वर. तोंडावर, नाकात, चष्म्याच्या काचांच्या आतून. त्याला वाळलेल्या गवताचा आणि कुठल्याशा कोकणातल्या चुलीचा वास होता. एक घार गोल फिरत होती आणि मला तिची पाठ दिसत होती, पंखांच्या मधली तपकिरी पिसं विस्कटलेली. पाकोळ्या कड्याच्या पोटात घुसून दिसेनाशा होत आणि भलतीकडूनच बाहेर येत. खाली बेलपाड्याची घरं, शेतांचे ठिपके. मी मिनिटभरच बघितलं असेल. मागे सरकले तेव्हा हातांना कंप होता आणि भाची विचारत होती, "मामी, रडतेयस का?" वाऱ्याने पाणी आलं होतं, असं मी सांगितलं.

इंद्रवज्राबद्दल विचारणारे बरेच भेटतील. पूर्ण गोल इंद्रधनुष्य आणि मध्ये आपली सावली, ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्सने इथे पाहिल्याची नोंद आहे. त्यासाठी सूर्य पाठीमागे आणि खाली दरीत ढग हवेत. कडा पश्चिमेला बघतो, म्हणजे वेळ सकाळची आणि दिवस पावसाळ्यातले किंवा पावसाळा सरतानाचे. डिसेंबरच्या संध्याकाळी त्याची वाट बघणाऱ्या जोडप्याला भाचीने हे समजावलं, तर त्यांना राग आला.

सहाच्या सुमाराला सूर्य बुडाला तेव्हा काठावर दीडदोनशे माणसं असावीत. टाळ्या वाजवल्या लोकांनी. मला ते काही रुचलं नाही. पण त्याच वेळी मागे वळून बघणारे थोडे होते, आणि तिकडे चंद्र केव्हाच वर आलेला होता. त्याच्या शेजारी गुरू लखलखत होता.

जेवण झोपडीत, चुलीपाशी. पिठलं, भाकरी, ठेचा, भात. भाऊंच्या कारभारीणबाई थापत होत्या आणि आम्ही खात होतो. "मावशी, अजून एक घ्या. रातच्याला लई गार पडतं, पोट भरलेलं पायजे," असं म्हणून त्यांनी तिसरी भाकरी वाढली. त्यांना विचारलं, पाणी कुठून आणता, लाकूडफाटा, गॅस, पीठ? सगळं डोक्यावर, त्याच वाटेने, ज्या वाटेवर मी दर वीस मिनिटांनी बसत होते. त्यानंतर कुणी पाण्याच्या बाटलीच्या किमतीवर घासाघीस केली की मला लाज वाटायची.

आता त्या प्रश्नाकडे येते. वर पक्क्या संडासाची सोय आहे असं धरून चालू नका. आमच्या झोपडीमागे ताडपत्रीचा आडोसा होता, तो दिवसा कामाचा. रात्री दोघीदोघींनी जायचं, बॅटरी घ्यायची, कड्याच्या विरुद्ध दिशेला जायचं, पाण्याच्या टाक्यांपासून आणि ओढ्यापासून लांब जायचं, छोटा खड्डा करून बुजवायचा. कागद आणि पॅड वेगळ्या पिशवीत बांधून खाली न्यायचे. गडावरचं पाणी पुढे मंगळगंगेतून पाचनईच्या बाजूलाच जातं. सकाळी देवळामागे जे दिसलं ते लिहीत नाही, पण ते करणारे सगळे शिकलेले होते. बायकांना आणखी एक सांगते: रात्री जावं लागू नये म्हणून दुपारपासून पाणी कमी पिऊ नका. डोकं दुखतं, पायात गोळे येतात. मी पाणी प्यायले आणि रात्री दोनदा भाचीला उठवलं.

तंबूतली थंडी वरून येत नाही, जमिनीतून येते. गादीसारखी पातळ चटई मिळते, ती पुरत नाही. तिच्याखाली वर्तमानपत्रांची जाड घडी घातली तेव्हा पाठीला जरा बरं वाटलं. दुसऱ्या दिवशीचे कपडे आणि मोबाइल स्लीपिंग बॅगेच्या आत घ्यायचे. कपडे गार पडत नाहीत आणि बॅटरी उतरत नाही. झोप लागली असं म्हणवत नाही. वाऱ्याने तंबूचं कापड फडफडत राहतं आणि पहिले दोन तास प्रत्येक फडफडीला वाटतं की कुणीतरी आलं. स्पीकरवाली मुलं अकरापर्यंत गाणी वाजवत होती, मग भाऊंनी जाऊन त्यांना चार शब्द सुनावले. पहाटे आतल्या कापडावर जमलेले आपल्याच श्वासाचे थेंब तोंडावर टपकायला लागले आणि मी उठलेच.

सहाला कड्यावर आलो तर आदल्या संध्याकाळच्या मानाने दहावा हिस्सासुद्धा गर्दी नव्हती. पूर्ण चंद्र कोकणावर उतरत होता, पिवळट, मोठा, आणि पाठीमागे तारामती शिखराच्या बाजूला तांबडं फुटत होतं. मुक्कामाला जायचं ते या पाऊण तासासाठी. सूर्यास्त एका दिवसात जाऊन येणाऱ्यांनाही जमवता येतो, फक्त अंधारात उतरावं लागतं. ही पहाट त्यांना मिळत नाही. पौर्णिमेच्या आदल्या रात्री राहिलात तर चंद्र मावळणं आणि उजाडणं जवळजवळ एकाच वेळी येतं, म्हणून तारीख ठरवताना पंचांग बघा.

पोहे खाऊन भाची आणि मुलं तारामतीवर गेली, चौदाशे मीटरांच्या वरचं शिखर आहे ते. मी गुडघा राखून ठेवला. देवळाच्या ओट्यावर उन्हात बसून राहिले, एका माकडाने माझ्यादेखत शेजारच्या काकांच्या पिशवीची चेन उघडून बिस्किटांचा पुडा नेला ते बघितलं.

उतरायला साडेदहाला सुरुवात केली, गुडघ्याला पट्टा आवळून. डॉक्टरांनी सांगितलं होतं तेच झालं: चढताना फक्त दम लागला होता, उतरताना खरी परीक्षा. काठी आधी खाली टेकायची, मग दुखरा पाय, मग चांगला. मोठ्या पायरीवर आडवं वळून उतरायचं, लाज सोडून बसूनही. मातीच्या घसाऱ्यावर भाची पुढे राहिली, मी तिच्या खांद्यावर हात ठेवून. चढायला सव्वातीन तास लागले होते, उतरायला पावणेतीन. तरण्या माणसांचा हिशेब आपल्याला लावू नये आणि जीपवाल्याला वेळ सांगताना तासभर वाढवूनच सांगावी.

आमचा जीपवाला दीडला उभा होता. राजूरला रविवारी गाड्या कमी असतात, घोटीच्या एसटीसाठी तासभर थांबावं लागलं, पण बसायला जागा मिळाली. परतताना हिशेब झाला: प्रवास, शुल्क, मुक्काम, जेवण, वाटेतलं सरबत सगळं धरून माणशी दोन हजारांच्या आत. माझ्या अंगाला डॉक्टरांचे आठशे आणि काठीचे सहाशे वेगळे.

कसाऱ्याला लोकल पलीकडच्या फलाटावर लागली होती. गड उतरले, पण तो पूल चढताना मुलांनी मला दोन्ही बाजूंनी धरून नेलं. भाचीने तिथेच पुढचं विचारून घेतलं. पुढच्या वेळी खिरेश्वरच्या वाटेने, असं ती म्हणते. मी फेब्रुवारीपर्यंत व्यायाम चालू ठेवून मग सांगते म्हटलं आहे.